महिला विकास कक्ष

विद्यापीठे व संलग्न महाविद्यालयांत विद्यार्थिनी आणि स्त्री-कर्मचाऱ्यांसाठी चालणारी यंत्रणा. ठाणे व नवी मुंबईतील बहुतेक महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न असून तेथे कक्षाचा उल्लेख सर्रास ‘डब्ल्यूडीसी’ (विमेन डेव्हलपमेंट सेल) असाच होतो.

कक्षाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार तो स्त्री-अभ्यासाच्या परंपरेतून आला. १९७४ मध्ये समाजशास्त्रज्ञ नीरा देसाई यांच्या पुढाकाराने मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले; या प्रकारचे देशातील ते पहिले केंद्र मानले जाते. स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या राष्ट्रीय समितीचा अहवालही १९७४-७५ च्या सुमाराचा. १९८१ मध्ये याच विद्यापीठात पहिली राष्ट्रीय स्त्री-अभ्यास परिषद भरली आणि १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोग अशा केंद्रांना अर्थसाहाय्य देऊ लागला. दुसरे मत कक्षाचा आरंभ कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ‘विशाखा’ निकालात (१३ ऑगस्ट १९९७) पाहते. राजस्थानात साथिन (सरकारी महिला विकास कार्यक्रमातील गावपातळीवरची कार्यकर्ती) म्हणून काम करणाऱ्या स्त्रीवर १९९२ मध्ये झालेल्या सामूहिक बलात्काराच्या पार्श्वभूमीवर स्त्री-संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. न्यायालयाने कामाच्या ठिकाणी तक्रार समिती नेमणे बंधनकारक केले. महाविद्यालयीन कक्षांपुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण स्त्री-अभ्यास केंद्रे मोजक्या विद्यापीठांतच राहिली. व्याख्याने, शिबिरे, चर्चा हा कार्यक्रमांचा साचा मात्र पहिल्या परंपरेशी जुळतो.

या दुहेरी वारशामुळे कक्ष आणि लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणारी अंतर्गत समिती यांची गल्लत होते. बऱ्याच ठिकाणी दोन्हींकडे त्याच प्राध्यापिका असतात, म्हणून विद्यार्थिनी कक्षाच्या मॅडमना सांगते आणि तक्रार झाली असे धरून चालते. तसे होत नाही, आणि हे प्रवेशाच्या वेळीच प्रत्येकीला सांगितले गेले पाहिजे. समुपदेशन ही मदत आहे. चौकशीसाठी समितीकडे लेखी तक्रार लागते, तीही सामान्यतः घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. जिला लिहून देणे शक्य नाही तिला लेखी तक्रारीसाठी मदत करणे हे समितीचेच काम आहे.

समितीची रचना २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम यांनी ठरते. अध्यक्षपदी ज्येष्ठ स्त्री-कर्मचारी, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया, एक सदस्य संस्थेबाहेरचा. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर तीन विद्यार्थी-प्रतिनिधीही. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी लागते. चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या शिक्षकाला तक्रारदार विद्यार्थिनीच्या उत्तरपत्रिका वा प्रात्यक्षिकांच्या मूल्यमापनापासून दूर ठेवता येते. अंतर्गत गुणांच्या धास्तीने गप्प राहणाऱ्या मुलींसाठी ही तरतूद फार मोलाची आहे. सूचनाफलकावर ती ठळक लावायला हवी.

विनियमांतील ‘परिसर’ फाटकापाशी संपत नाही. शैक्षणिक सहल, इंटर्नशिप, क्रीडास्पर्धा, महोत्सव आणि संस्थेने पुरवलेली बस त्यात येते. नेरूळ किंवा वाशीच्या महाविद्यालयात कल्याण-कर्जतकडून ठाण्याला गाडी बदलून येणाऱ्या मुलींच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा. कॉलेजच्या बसमधील छळ समितीच्या कक्षेत येतो. ट्रान्सहार्बर लोकलमध्ये अनोळखी प्रवाशाने काढलेली छेड लोहमार्ग पोलिसांकडे जाते. तेथे कक्षाचे काम सोबत जाण्याचे आणि तक्रार लिहायला मदत करण्याचे.

कक्षाच्या इतर उपक्रमांत हिमोग्लोबिन तपासणी, स्वसंरक्षणाचे वर्ग, मुलींच्या कॉमन रूममधील सॅनिटरी नॅपकिन यंत्राची देखभाल, ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती व ८ मार्चचे कार्यक्रम येतात. त्यांचे स्वरूप महाविद्यालयागणिक बदलते.