स्किन स्मिअर तपासणी

स्किन स्मिअर तपासणी : त्वचेला बारीक छेद देऊन त्याच्या कडा खरवडायच्या, निघालेला रस काचेच्या स्लाइडवर पसरून रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मायकोबॅक्टेरियम लेप्री हे कुष्ठरोगाचे जंतू शोधून मोजायचे, अशी तपासणी. ब्लेड, स्लाइड, दोन रंग, एक आम्ल आणि ऑइल इमर्शन (तेलाच्या थेंबातून पाहायच्या) भिंगाचा सूक्ष्मदर्शक एवढ्यावर ती होते. साहित्य इतके थोडे की ती सोपी समजली जाते. प्रत्यक्षात तिच्या आकड्याचा भरवसा छेद घेणाऱ्याच्या बोटांवर असतो, आणि रोगाच्या दुर्मिळ रूपांत जागा चुकली की निदानही चुकते.

गेऱ्हार्ड आर्मावर हॅन्सन यांना १८७३ मध्ये नॉर्वेतील बर्गन येथे रुग्णांच्या गाठींतील रसात काठीसारखे जंतू दिसले. तो रस रंगवलेला नव्हता. जंतू रंगवण्याचे तंत्र पुढे आले आणि ‘दिसले’ याच्या जागी ‘किती दिसले’ हा प्रश्न आला. हा जंतू आजही कोणत्याही कृत्रिम माध्यमावर वाढत नाही, एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे १२ ते १४ दिवस लागतात. क्षयासारखे कल्चर करून (माध्यमावर वाढवून) तो ओळखण्याची सोय नसल्यामुळे स्मिअरचे महत्त्व दीडशे वर्षांनीही टिकून आहे.

जागांची निवड : जंतूंना शरीराचे थंड भाग मानवतात. म्हणून दोन्ही कानांच्या पाळ्या जवळजवळ नेहमी घेतात आणि त्यांच्या जोडीला सर्वांत क्रियाशील दिसणारे दोन ते चार चट्टे किंवा गाठी. चट्ट्याचा मध्य बरा होत आलेला असेल तर छेद लालसर, उंचावलेल्या कडेच्या आत घ्यावा. मध्यातून घेतलेला स्मिअर रिकामा निघू शकतो. चेहऱ्यावर व्रण राहतो, त्यामुळे दुसरी जागा असेल तर चेहरा टाळावा. जुन्या, उपचार घेतलेल्या रुग्णात बोटांच्या पाठीवरची त्वचा विसरू नये, इतर जागा स्वच्छ झाल्यावरही तेथे जंतू रेंगाळलेले सापडतात. नाकाच्या स्रावाचा स्मिअर वेगळा : तो संसर्गक्षमतेची कल्पना देतो, पण उपचारानंतर लवकर नकारात्मक होतो, शिवाय नाकात कुष्ठरोगाशी संबंध नसलेले आम्लस्थायी (आम्लाने धुतले तरी लाल रंग न सोडणारे) जंतूही असू शकतात. केवळ त्यावर निदान करू नये.

छेद आणि खरवड : जागा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावी. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत त्वचेची घडी घट्ट धरावी, ती पांढरी पडेपर्यंत. हा पांढरेपणा म्हणजे रक्त बाजूला सरल्याची खूण. आता १५ नंबरच्या ब्लेडने सुमारे ५ मिलिमीटर लांब आणि २ ते ३ मिलिमीटर खोल छेद घ्यावा, म्हणजे पाते डर्मिसपर्यंत, त्वचेच्या आतल्या थरापर्यंत, पोचते. चिमूट न सोडता पाते ९० अंशांत फिरवून छेदाच्या तळावर आणि भिंतीवर एकाच दिशेने दोन-तीन वेळा खरवडावे. पात्याच्या टोकावर राखाडी-पांढरा लगदा जमतो. हवा असतो तो हाच. तो स्लाइडवर गोलाकार, ५ ते ७ मिलिमीटर व्यासाचा, सारख्या जाडीचा पसरावा. मग कापसाचा बोळा दाबून ठेवावा आणि रक्त थांबल्यावरच चिमूट सोडावी.

बहुतेक चुका याच अर्ध्या मिनिटात होतात, त्यातली पहिली म्हणजे चिमूट ढिली पडणे. रुग्ण दचकला, बोट घसरले, की छेद रक्ताने भरतो आणि लगद्याऐवजी रक्त पसरले जाते. तांबड्या पेशींच्या थरात जंतू झाकले जातात, नमुना पातळ होतो आणि जंतूंच्या संख्येचा निर्देशांक खोटा कमी येतो. थोडे रक्त आले तर ते पुसून पुन्हा खरवडावे. भरपूर आले तर जागा बदललेली बरी. दुसरी चूक उथळ छेदाची. एपिडर्मिस म्हणजे त्वचेचा वरचा थर खरवडला तर फक्त केराटिनच्या (मृत त्वचेच्या) चकत्या दिसतात. तिसरी म्हणजे पाते न पुसता पुढच्या जागेकडे जाणे, कारण त्यामुळे एका जागेचे जंतू दुसऱ्या जागेच्या नावावर जातात. एकाच रुग्णाच्या दोन जागांमध्ये पाते स्पिरिटच्या बोळ्याने पुसून ज्योतीवर तीन-चार सेकंद धरावे व गार होऊ द्यावे. दुसऱ्या रुग्णासाठी ब्लेड नवेच. हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीचा धोका लक्षात घेता यात सवलत नाही.

स्लाइड नवी, ओरखडे नसलेली आणि तेलकटपणा काढलेली असावी. ओरखड्यात रंग अडकून लाल रेघा दिसतात. नंबर हिऱ्याच्या पेन्सिलीने काचेवर कोरावा, कारण शाईचा नंबर रंगवताना धुऊन जातो. एका स्लाइडवर अनेक ठिपके असतील तर त्यांचा क्रम आणि शरीरावरची जागा फॉर्मवर लगेच नोंदवावी. जागेची नोंद नसलेला स्मिअर पुढच्या वेळी तुलनेला निरुपयोगी ठरतो. वाळलेला स्मिअर त्याच दिवशी ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवून पक्का करतात. तापलेली काच हाताच्या पाठीला सहन झाली पाहिजे, अधिक तापली तर जंतू नीट रंगत नाहीत.

रंगवणे : झील-नीलसन पद्धतीत स्लाइडवर १ टक्का कार्बॉल फुक्सिन ओतून खालून वाफ निघेपर्यंत तापवतात आणि ५ मिनिटे ठेवतात. उकळी येऊ देऊ नये, रंग सुकूही देऊ नये. सुकलेल्या रंगाचे लाल कण जंतूंसारखे भासतात. रंग वापरण्यापूर्वी गाळून घेतला तर हा घोटाळा बराच टळतो. धुतल्यावर १ टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळलेले ७० टक्के अल्कोहोल काही सेकंद, किंवा ५ टक्के सल्फ्युरिक आम्ल १० मिनिटे. इथे क्षयाच्या प्रयोगशाळेची सवय आड येते. क्षयाच्या जंतूसाठी २० ते २५ टक्के आम्ल चालते, पण कुष्ठरोगाचा जंतू लाल रंग तितका घट्ट धरून ठेवत नाही. त्या आम्लात तो फिका होतो आणि भरलेला स्मिअर नकारात्मक वाचला जातो. शेवटी १ मिनिट मिथिलीन ब्लू. निळा फार गडद झाला तर मागचा लाल दिसेनासा होतो. धुण्याचे पाणीही स्वच्छ हवे, नळाच्या पाण्यात निरुपद्रवी आम्लस्थायी जंतू असू शकतात. १०० पट भिंगावरचे तेल प्रत्येक सकारात्मक स्लाइडनंतर पुसावे, एरवी तेच जंतू पुढच्या रुग्णाच्या काचेवर उतरतात.

मोजणी : जंतू निर्देशांक रिड्ली यांच्या लॉगॅरिदमिक मापनावर देतात, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या दहापट. १०० क्षेत्रांत (क्षेत्र म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणारा स्लाइडचा भाग) मिळून १ ते १० जंतू दिसले तर १+, दर १० क्षेत्रांत १ ते १० असतील तर २+, दर क्षेत्रात सरासरी १ ते १० म्हणजे ३+, १० ते १०० म्हणजे ४+, १०० ते १,००० म्हणजे ५+ आणि त्यापुढे ६+. जंतू खच्चून भरलेल्या स्लाइडला २५ क्षेत्रे पुरतात, पण ‘नकारात्मक’ लिहिण्यापूर्वी १०० पूर्ण पाहिलीच पाहिजेत. सर्व जागांच्या आकड्यांची बेरीज भागिले जागांची संख्या म्हणजे रुग्णाचा निर्देशांक. सरासरीत एखादी ५+ असलेली गाठ बुडून जाते, म्हणून जागावार आकडे अहवालात वेगळे हवेतच.

दुसरा आकडा मॉर्फॉलॉजिकल इंडेक्स, म्हणजे जंतूंच्या आकारावरून काढलेला निर्देशांक. २०० सुटे जंतू तपासून त्यांतले किती टक्के अखंड रंगलेले, समांतर कडांचे, गोल टोकांचे आणि रुंदीच्या पाचपट लांब आहेत हे मोजतात. अखंड रंगलेला जंतू बहुधा जिवंत, तुकडे झालेला किंवा दाणेदार मेलेला, असे गृहीत आहे. रिफाम्पिसिन हे औषध सुरू झाल्यावर हा आकडा काही आठवड्यांत शून्याजवळ येतो, पण जंतू निर्देशांक वर्षाला साधारण ०.६ ते १ इतकाच उतरतो, कारण मेलेले जंतू हटवायला शरीराला वेळ लागतो. हा फरक रुग्णाला समजावून सांगणे फार गरजेचे आहे. १२ महिन्यांचा बहुऔषधी उपचार पूर्ण झाल्यावरही स्मिअर ३+ येऊ शकतो, आणि केवळ तेवढ्यावर उपचार फसला असे ठरत नाही. एरिथिमा नोडोसम लेप्रोसम या प्रतिक्रियेत नव्या दुखऱ्या गाठी येतात तेव्हाही हीच गफलत होते. त्यांत मिळणारे जंतू बहुतेक तुटलेले, दाणेदार असतात. आजार उलटल्याची शंका तेव्हा घ्यावी, जेव्हा आधीच्या त्याच एखाद्या जागेचा आकडा २+ किंवा अधिकने वाढतो.

नकारात्मक स्मिअरचा अर्थ : एक ग्रॅम ऊतीत सुमारे १०,००० जंतू असल्याशिवाय ते या तपासणीत सापडत नाहीत. ट्युबरक्युलॉइड या रोगाच्या रूपात जंतू विरळ असल्याने स्मिअर नकारात्मकच येतो आणि निदान बधिर चट्ट्यावर होते. फक्त नसांपुरत्या कुष्ठरोगात त्वचेवर काहीच नसते; तिथे जाड झालेल्या संवेदी नसेची बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) लागते. ‘स्मिअर नकारात्मक, कुष्ठरोग नाही’ हा शेरा म्हणूनच धोकादायक आहे. उलट एकही जागा सकारात्मक आली तर चट्टे कितीही कमी असोत, रुग्ण बहुजंतुक (जास्त जंतू असलेल्या) गटात जातो.

दुर्मिळ रूपे : वेड यांनी १९६० च्या दशकात वर्णन केलेल्या हिस्टॉइड कुष्ठरोगात निरोगी भासणाऱ्या त्वचेवर घट्ट, चकचकीत, घुमटासारख्या गाठी उगवतात. न्यूरोफायब्रोमा (नसेची गाठ) किंवा झँथोमा (चरबीची गाठ) समजून त्या काढून टाकल्या जातात. गाठीतून घेतलेला स्मिअर ५+ ते ६+ भरतो आणि जंतू नेहमीपेक्षा लांब, अखंड, एकमेकांना समांतर, बांधलेल्या पेंढीतल्या काड्यांसारखे पडलेले दिसतात. एकदा पाहिलेले हे क्षेत्र विसरले जात नाही. पण शेजारच्या त्वचेचा आणि कधी कधी कानाचाही स्मिअर नकारात्मक असतो. केवळ ठरलेल्या जागा घेणारा तंत्रज्ञ इथे हातचे निदान घालवतो.

मेक्सिकोतून प्रथम वर्णन झालेल्या ल्युसिओ-लातापी रूपात अगदी उलटे चित्र असते. गाठी नाहीत, चट्टे नाहीत, त्वचा सर्वत्र गुळगुळीत, ताणलेली, भुवया गेलेल्या. क्रियाशील जागा कोणती असा प्रश्नच उरत नाही, कारण साध्या दिसणाऱ्या त्वचेतूनही जंतू भरभरून मिळतात. पुढे ल्युसिओ फिनॉमेनॉनमध्ये रक्तवाहिन्या बंद होऊन काळ्या, कोनदार कडांच्या जखमा पडतात आणि त्या व्हॅस्क्युलायटिस (रक्तवाहिन्यांचा दाह) म्हणून उपचारात राहतात. कानाचा एक स्मिअर उत्तर देऊन जातो. २००८ मध्ये अशा रुग्णांत मायकोबॅक्टेरियम लेप्रोमॅटोसिस ही वेगळी जात ओळखली गेली. स्मिअरमध्ये ती लेप्रीपासून वेगळी दिसत नाही, त्यासाठी पीसीआर ही डीएनए तपासणीच लागते.

सारखे दिसणारे इतर आजार : काळा आजारानंतरच्या त्वचा लेशमॅनियासिसमध्येही कानावर आणि चेहऱ्यावर गाठी येतात, पण संवेदना शाबूत असते. त्याच छेदातून एक जादा स्मिअर घेऊन गिम्सा रंगाने लेशमॅन-डोनोव्हन कण (त्या आजाराचे परजीवी) शोधावेत. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत मायकोबॅक्टेरियम हिमोफिलम हा दुसरा आम्लस्थायी जंतू कुष्ठरोगाचा म्हणून वाचला गेल्याच्या नोंदी आहेत. असा जंतू योग्य माध्यमावर वाढतो, हाच त्याला ओळखायचा मार्ग.

संशोधनातील वापर : औषधांच्या चाचण्यांत निर्देशांकातली घट हे जुने मोजमाप आहे, पण ती इतकी सावकाश होते की कमी मुदतीच्या चाचणीत दोन औषधगटांतला फरक दिसतच नाही. सुरुवातीला ४+ किंवा अधिक असलेल्या रुग्णांत आजार उलटण्याची शक्यता जास्त, म्हणून त्यांचा पाठपुरावा अनेक वर्षे लागतो. मॉर्फॉलॉजिकल इंडेक्स वाचणाऱ्यागणिक बदलतो. त्यामुळे एका अभ्यासातल्या सर्व स्लाइड एकाच व्यक्तीने, रुग्ण कोणत्या गटातला हे न कळता वाचाव्यात आणि ठरावीक प्रमाणात दुसऱ्याकडून पडताळून घ्याव्यात. छेदाची जागा शरीराच्या आकृतीवर खूण करून ठेवावी. पुढचा छेद व्रणाच्या लगत घ्यावा, व्रणावर नको, कारण व्रणाच्या तंतुमय ऊतीतून लगदा निघत नाही. औषध-प्रतिकाराच्या तपासणीसाठी वेगळी बायोप्सी दरवेळी लागतेच असे नाही. खरवडलेले पाते ७० टक्के अल्कोहोलच्या नळीत झटकून घेतले की त्यातल्या डीएनएवरून डॅप्सोनसाठी फॉलपी१, रिफाम्पिसिनसाठी आरपीओबी आणि ऑफ्लॉक्सासिनसाठी जीवायआरए या जनुकांतले बदल पाहता येतात. त्यासाठी स्मिअर २+ किंवा अधिक असलेली जागा निवडावी, त्याहून विरळ नमुन्यातून वाचण्याजोगा क्रम बहुधा मिळत नाही.