पार्श्वभूमी : अमेरिकेची कच्च्या तेलावरची निर्यातबंदी, १९७५ ते २०१५

अमेरिकेचं कच्चं तेल आज ओडिशातल्या पारादीप बंदरातही उतरतं. २०१५ संपेपर्यंत, मोजके अपवाद वगळता, ते देशाबाहेर विकायला कायद्यानेच मनाई होती. ही बंदी का आली आणि इतकी का टिकली, हे पाहिल्याशिवाय तिथल्या ऊर्जा-धोरणाचा उलगडा होत नाही.

पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलची १८५९ ची तेलविहीर, टेक्सासमधलं १९०१ चं स्पिंडलटॉप तेलक्षेत्र हा इतिहास सर्वपरिचित आहे. खरं वळण १९७० चं. त्या वर्षी उत्पादन दिवसाला सुमारे ९६ लाख पिंपांवर पोचलं आणि मग घसरू लागलं. तोवर टेक्सासमधल्या विहिरी मुद्दाम कमी क्षमतेने चालवल्या जात. टंचाई आली की उपसा वाढवता येई. १९७२ मध्ये ते निर्बंध उठले आणि हाताशी राखीव काही उरलं नाही. म्हणूनच ऑक्टोबर १९७३ मधला अरब देशांचा तेल-बहिष्कार एवढा जिव्हारी लागला. तीन डॉलरच्या आसपास असलेलं पिंप काही महिन्यांत बाराच्या घरात गेलं. पंपांवर रांगा लागल्या, काही राज्यांत गाडीच्या सम-विषम क्रमांकानुसार पेट्रोल मिळू लागलं. नोव्हेंबरमध्ये तत्कालीन अध्यक्षांनी १९८० पर्यंत ऊर्जेत स्वयंपूर्ण होण्याची घोषणा केली.

डिसेंबर १९७५ च्या कायद्यात ही बंदी आली. ती निव्वळ भीतीपोटी आली असं सांगितलं जातं. मला ते अपुरं वाटतं. त्या काळात देशी तेलाचे भाव सरकारने बांधलेले होते. एखाद्या क्षेत्रातून १९७२ मध्ये जेवढं तेल निघत होतं तेवढं ‘जुनं’, त्यावरचं ‘नवं’. एकाच जागेतून एकाच दिवशी निघालेल्या तेलाचे असे दोन भाव होत, आणि जुन्याला पिंपामागे जेमतेम सव्वापाच डॉलर मिळत. बाहेर त्याच्या दुप्पट भाव असताना दार उघडं ठेवलं असतं, तर स्वस्त तेल देशात थांबलंच नसतं. भाव बांधायचे तर निर्यात रोखणं भाग होतं.

जानेवारी १९८१ मध्ये भावांवरचं नियंत्रण गेलं. बंदीचं कारण संपलं, बंदी मात्र पुढे जवळपास पस्तीस वर्षं राहिली. विकण्याजोगं जास्तीचं तेलच नव्हतं, त्यामुळे ती कुणाला फारशी टोचली नाही.

टोचू लागली ती शेल नावाच्या घट्ट खडकातून निघू लागलेल्या तेलामुळे. २००८ मध्ये ५० लाख पिंपांपर्यंत उतरलेलं दिवसाचं उत्पादन २०१५ मध्ये ९४ लाखांवर गेलं. हे तेल हलकं होतं आणि मेक्सिकोच्या आखातालगतचे बरेच शुद्धीकरण कारखाने व्हेनेझुएला, मेक्सिकोच्या जड तेलासाठी उभारलेले. हलकं तेल तिथे पुरेसं खपेना, ते बाहेर विकायची वाट शोधली जाऊ लागली आणि त्यातून ‘कच्चं’ या शब्दाचा घोळ सुरू झाला. बंदी फक्त कच्च्या तेलाला होती; पेट्रोल-डिझेल खुशाल निर्यात होत होतं. मग कंडेन्सेटचं काय? जमिनीखाली ते वायुरूपात असतं, वर येताना दाब उतरला की द्रव होतं. पाण्यासारखं पातळ, कधी रंगहीन, कधी फिकट पिवळं. कायद्याच्या लेखी तेही कच्चंच. २०१४ मध्ये मात्र, विहिरीजवळच्या साध्या ऊर्ध्वपातन मनोऱ्यातून काढलेलं कंडेन्सेट ‘प्रक्रिया केलेलं’ धरायला सरकारी खात्याने मान्यता दिली. कायदा होता तसाच राहिला, पण बंदीला भगदाड पडलं.

डिसेंबर २०१५ मध्ये ती उठली तीही अर्थसंकल्पी खर्चाच्या भल्याथोरल्या विधेयकात. बदल्यात पवन आणि सौर ऊर्जेच्या करसवलतींना मुदतवाढ मिळाली. स्वस्त देशी तेलावर नफा कमावणाऱ्या काही शुद्धीकरण कंपन्यांचा विरोध होता आणि पर्यावरणवाद्यांचाही. या सौद्याची तेलाची बाजू सतत सांगितली जाते. वारा आणि उन्हाला त्यातून मिळालेलं बळ मला तितकंच मोलाचं वाटतं. ३१ डिसेंबरला कॉर्पस क्रिस्टीहून पहिलं जहाज सुटलं.

नैसर्गिक वायूचंही असंच झालं. लुइझियानातलं सबीन पास टर्मिनल २००८ मध्ये आयातीसाठी सुरू झालं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिथूनच निर्यात निघाली. तिथल्या दीर्घ मुदतीच्या करारातला भारताचा पहिला वायू मार्च २०१८ मध्ये उतरला तो दाभोळला. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या वीजप्रकल्पावरून रत्नागिरी जिल्ह्याने जे सोसलं ते आठवणाऱ्यांना या योगायोगाने नक्कीच हलवलं असेल.

२०१९ पासून अमेरिका ‘निव्वळ ऊर्जा-निर्यातदार’ म्हणवते. त्यातला ‘निव्वळ’ शब्द महत्त्वाचा, कारण २०२३ मध्येही ती दिवसाला सुमारे ६५ लाख पिंपं कच्चं तेल आयात करत होती. जून २०२२ मध्ये पेट्रोल गॅलनला पाच डॉलरवर गेलं तेव्हा निर्यात रोखण्याची मागणी पुन्हा झाली. आणीबाणी जाहीर करून वर्षभर निर्यात थांबवण्याचा अधिकार २०१५ च्या कायद्याने अध्यक्षांकडे ठेवला आहे. तो वापरला गेला नाही. टेक्सास-लुइझियानातल्या मिठाच्या भूमिगत पोकळ्यांतल्या राखीव साठ्यातून सहा महिन्यांत १८ कोटी पिंपं काढायचं त्याआधी मार्चअखेरच ठरलं होतं. तो राखीव साठाही १९७५ च्या त्याच कायद्याने उभा केलेला.