‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ : ऑर्गनच्या सुरावटीवर हक्क कोणाचा?

मे १९६७मध्ये प्रसिद्ध झालेले ‘प्रोकोल हॅरम’ या ब्रिटिश बँडचे हे गाणे ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. त्यातील शब्द सहजी उलगडत नाहीत आणि गीतकाराने लिहिलेल्या चार कडव्यांपैकी दोनच ध्वनिमुद्रणात आली. तरीही गाणे टिकले, याचे श्रेय बव्हंशी हॅमंड ऑर्गन या विजेवर चालणाऱ्या स्वरपट्ट्यांच्या वाद्याला द्यावे लागेल. जर्मन संगीतकार बाखची आठवण करून देणारे खर्जातले स्वर पायरीपायरीने उतरत असताना ऑर्गन एका लांबवलेल्या स्वराने आपली सुरावट सुरू करतो आणि गायकाने तोंड उघडण्याआधीच श्रोता गाणे ओळखतो.

नोंदीत मात्र श्रेय दोघांचेच राहिले : संगीत गायक-पियानोवादकाचे आणि शब्द गीतकाराचे. गाण्याचा मूळ आराखडा तयार झाल्यावर बँडमध्ये आलेल्या ऑर्गनवादकाने तालमींत आपली सुरावट रचली. परंतु ते वादकाचे नेहमीचे काम मानले गेले. १९६९मध्ये तो बँडमधून बाहेर पडला आणि दावा दाखल केला तो थेट २००५मध्ये.

इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २००६मध्ये त्याला सहरचनाकार ठरवून संगीताच्या स्वामित्वहक्कात ४० टक्के वाटा दिला. अर्थात रॉयल्टी दाव्याच्या तारखेपासून पुढचीच मिळणार होती. २००८मध्ये अपील न्यायालयाने मोठा विचित्र तोडगा काढला. सहरचनाकार हे स्थान कायम ठेवायचे, पण ३८ वर्षे गप्प बसल्याबद्दल पैसा द्यायचा नाही, असा तो निर्णय होता. हक्क मान्य करून त्याचे फळ नाकारणारी ही भूमिका कायद्याच्या अभ्यासकांना कशीही वाटो, सामान्य माणसाला ती पटणे कठीणच. जुलै २००९मध्ये तेव्हा देशाचे अंतिम अपील न्यायालय असलेल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने ती एकमताने फिरवली. असा हक्क सांगण्यास कायद्यात मुदत नाही आणि विलंबामुळे प्रतिवादींचे नुकसान होण्याऐवजी इतकी वर्षे संपूर्ण रॉयल्टी त्यांच्याच पदरात पडली, असा त्यामागचा युक्तिवाद होता.

मूळ चालीचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. उतरत्या खर्जाची कल्पना गायकाचीच होती आणि वाटणीत मोठा हिस्साही त्याच्याकडेच राहिला. परंतु तालमीत वादकाने घातलेली भर रचनेचा भाग केव्हा ठरते, हा प्रश्न या निकालानंतर बँडमधील प्रत्येक वादकासाठी व्यवहाराचा झाला. चाल सुचवणाऱ्याच्याच नावावर सारे संगीत लावण्याची जुनी पद्धत तेवढी निर्धोक राहिली नाही.