गोठलेला हेर आणि मागे गेलेला हेर

‘तो हेर टाइम मशीनमधून १९६७ मधून थेट १९९७ मध्ये येतो ना, तोच सिनेमा!’ हे वाक्य पुण्यात मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याचा चहा संपेपर्यंतही थांबत नाही, मध्येच तोडतो. नाही हो. पहिल्या ‘ऑस्टिन पॉवर्स’मध्ये टाइम मशीन नाही. ते दुसऱ्यात आहे.

जेम्स बाँडचं विडंबन, हेर ऑस्टिनही आणि खलनायक डॉ. ईव्हिलही एकटा माइक मायर्सच, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. पहिला भाग १९९७ चा, दुसरा १९९९ चा. दुसऱ्याचं नाव बाँडच्याच एका सिनेमाच्या नावावर बेतलंय, पण मावशीसमोर उच्चारण्यासारखं नाही. मिनी-मी, म्हणजे डॉ. ईव्हिलची बुटकी प्रतिकृती, दुसऱ्यात येतो. नायिका बदलते. १९७५ ची सफर आणि गायिका बियॉन्से तिसऱ्यात. झालं.

आता मुद्द्याचं. पहिल्या भागात ऑस्टिन आणि डॉ. ईव्हिल दोघांनाही गोठवून ठेवलेलं असतं. काळ त्याच्या चालीनं पुढे जातो, हे नुसते पडून राहतात. आपला मुचकुंद गुहेत झोपला आणि उठला तेव्हा युग पालटलेलं होतं, तसंच. डॉ. ईव्हिलच्या मांजराचे केस झडलेत तेही त्या गोठवण्यामुळेच. ऑस्टिन सीडी उचलून रेकॉर्ड प्लेअरवर ठेवतो. हसू येतं ते मागे राहिलेल्या माणसाचं.

दुसऱ्या भागात डॉ. ईव्हिल टाइम मशीननं १९६९ मध्ये जातो. का? कारण तेव्हा ऑस्टिन गोठून पडलेला असतो, त्याला हात लावायला कोणी अडवणारं नाही. तिथे त्याचा ‘मोजो’, म्हणजे मर्दानी जोम, पळवला जातो आणि इकडे १९९९ मध्ये जागा ऑस्टिन पलंगावर हतबल. तो परत मिळवायला ऑस्टिन टाइम मशीन बनवलेल्या फोक्सवॅगन बीटलमधून १९६९ गाठतो. म्हणजे त्या साली ऑस्टिन दोन: एक बर्फात, एक गाडीत. हे फक्त काळप्रवासातच घडू शकतं. झोपलेला माणूस कितीही झोपला तरी एकच राहतो.

एवढंही पटत नसेल तर खंडणीचे आकडे बघा. पहिल्यात डॉ. ईव्हिल दहा लाख डॉलर मागायचं ठरवतो आणि त्याचाच माणूस त्याला सांगतो की हल्ली ही रक्कम काहीच नाही. दुसऱ्यात १९६९ मध्ये जाऊन तो शंभर अब्ज मागतो आणि अमेरिकेचे अध्यक्ष हसतात, कारण एवढा पैसा तेव्हा जगातच नसतो. एकच विनोद, पण तोंड उलट्या दिशेला. सदाशिव पेठेतला भाडेकरू १९६७ ला झोपून १९९७ ला उठला आणि मालकाच्या हातावर चाळीस रुपये ठेवले, तर तो पहिला भाग. (जागे राहूनही तेच भाडं देणारे वाड्यावाड्यांत होते, ती गोष्ट वेगळी.) आणि आजचा बिल्डर १९६९ ला जाऊन त्याच वाड्याचे दहा कोटी मागू लागला, तर तो दुसरा.

मला स्वतःला पहिलाच आवडतो. गोठलेल्या माणसात थोडं कारुण्य असतं. दुसऱ्यात मिनी-मी सोडला तर बरंच काही रेटून नेलंय. पण ‘त्यात लॉजिक नाही’ म्हणणाऱ्यांचाही मला कंटाळा आहे. ही गुंतागुंत ऑस्टिन स्वतःच बोलून दाखवतो, त्याचे डोळे तिरळे होतात, आणि त्याचा साहेब त्याला सांगतो की त्यात डोकं घालू नकोस, मजा कर. वर कॅमेऱ्याकडे वळून तोच सल्ला आपल्यालाही देतो.

टिळक रोडवरच्या एका क्विझमध्ये प्रश्न होता: दुसऱ्या भागात १९६९ साली ऑस्टिन कुठल्या अवस्थेत असतो? मी लिहिलं, ‘गोठलेला आणि जागा, दोन्ही.’ क्विझमास्तरांनी अर्धाच गुण दिला.