हिरवा दिवा आणि पाव मैलाचं घड्याळ

ड्रॅग रेसिंगबद्दल, म्हणजे सरळ रस्त्यावर थांबलेल्या स्थितीतून निघणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीबद्दल, एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: हिरव्या दिव्यावर उशिरा निघालात की पाव मैलाची वेळ वाढते. साफ चूक! घड्याळ दिव्यावर सुरू होत नाही. पुढचं चाक स्टार्ट लाइनवरचा प्रकाशझोत सोडतं तेव्हा ते सुरू होतं आणि १,३२० फुटांवर थांबतं. दिवा लागल्यावर दोन सेकंद डुलकी काढलीत तरी स्लिपवर, म्हणजे वेळेच्या छापील चिठ्ठीवर, वेळ तीच. शर्यत मात्र हराल, कारण तिथे रिअ‍ॅक्शन टाइम, म्हणजे दिवा लागल्यापासून गाडी निघेपर्यंतचा वेळ, धरतात.

वेळ खरी बिघडते पहिल्या ६० फुटांत, टायर जागच्या जागी फिरले की. उलट, चाक झोतात जेमतेम शिरवून उभं केलं, तर घड्याळ सुरू होण्याआधी गाडीला साधारण फूटभर धाव फुकट मिळते. जुने खेळाडू हे पुरेपूर वापरतात.