आयसीयूतली साखर : ११० की १८०?

शरीर आतलं वातावरण स्थिर राखतं, ही मांडणी एकोणिसाव्या शतकातली. इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं १९२२ साली. पण अत्यवस्थ रुग्णाची साखर बाहेरून किती घट्ट बांधायची, हा वाद खरा पेटला तो २००१ नंतर.

तोवर आयसीयूत साखर २०० च्या (मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर) बरीच वर गेली तरच इन्सुलिन सुरू होई. आजारपणात ताणाच्या वेळी स्रवणारं कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं, यकृत साखर सोडत राहतं, स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत. याला शरीराची तात्पुरती सोय समजत. २००१ मध्ये बेल्जियममधल्या एका सर्जिकल आयसीयूत १,५४८ रुग्णांचा अभ्यास झाला. साखर ८० ते ११० मध्ये ठेवलेल्या गटात आयसीयूतले मृत्यू ४.६ टक्के, नेहमीच्या उपचारांत ८ टक्के. जगभरच्या आयसीयूंनी ११० चा आकडा घेतला. मात्र तिथल्या रुग्णांना दाखल झाल्यापासून शिरेवाटे दिवसाला २०० ते ३०० ग्रॅम ग्लुकोज मिळत होतं आणि तपासणी धमनीच्या रक्तावर होत होती, याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. ही चूक महागात पडली.

२००९ च्या अभ्यासात सहा हजारांवर रुग्ण होते. ९० दिवसांतले मृत्यू कडक नियंत्रणात २७.५ टक्के, १८० पर्यंत मोकळीक असलेल्या गटात २४.९. साखर ४० किंवा त्याखाली गेलेले रुग्ण ६.८ टक्के, विरुद्ध ०.५.

स्वादुपिंडातल्या बीटा पेशी साखर सतत मोजत असतात. त्यांचं इन्सुलिन आधी थेट यकृतात पोचतं आणि काही मिनिटांत निम्मं होतं. साखर ८० च्या आसपास उतरली की स्राव आखडतो. ७० च्या खाली गेली की ती वाढवणारे ग्लुकॅगॉन आणि अ‍ॅड्रिनॅलिन धावून येतात. आयसीयूत शिरेवाटे इन्सुलिन सोडणाऱ्या सिरिंज पंपाला यातलं काहीच कळत नाही. ५० मिली सलाईनमध्ये ५० युनिट साधं इन्सुलिन, म्हणजे मिलीला एक युनिट. ते प्लास्टिकला चिकटतं म्हणून सुरुवातीचे २० मिली नळीतून सोडून द्यायचे. मग दर तासाला साखर, अधूनमधून पोटॅशियम, कारण इन्सुलिन त्यालाही पेशीत ओढतं. रुग्णाला सीटी स्कॅनला नेताना राइल्स ट्यूबचं (नाकातून जठरात जाणाऱ्या नळीचं) फीड थांबतं आणि पंप तसाच चालू राहतो, घात इथे होतो. साखर घसरली तरी झोपेच्या औषधाखालचा रुग्ण बरळत नाही, आणि दरदरून घाम आला तरी चादरीखाली कुणाच्या लक्षात येत नाही. शॉकमध्ये (रक्तदाब कोसळलेला असताना) किंवा हिमोग्लोबिन कमी असताना बोटाच्या थेंबावर ग्लुकोमीटर साखर जास्त दाखवू शकतो. त्यावर विसंबून इन्सुलिन वाढवलं की संपलंच.

आज बहुतेक ठिकाणी १८० च्या वर गेल्यावरच पंप लावतात आणि साखर १४० ते १८० मध्ये ठेवतात. एका परिचारिकेकडे तीन-चार खाटा असतील तिथे हेच योग्य. २०२३ च्या मोठ्या अभ्यासात शिरेवाटे लवकर पोषण न देता, संगणकाच्या हिशोबाने पुन्हा कडक नियंत्रण करून पाहिलं. साखर धोकादायक उतरण्याचं प्रमाण जेमतेम वाढलं. आयसीयूतला मुक्काम मात्र कमी झाला नाही.