माहिती की सल्ला? डूलाच्या माहितीपत्रकातली नेहमीची गफलत

आपण डूला, म्हणजे बाळंतपणात बाईच्या सोबतीला असणाऱ्या. आपण तपासणी करत नाही, औषध देत नाही, बाळंतपण करत नाही. सोबत करतो, धीर देतो, कंबर चोळून देतो. नव्या डूलालाही हे पाठ असतं. तरी क्लायंटसाठी माहितीपत्रक लिहायला घेतलं की अर्ध्या ओळी सल्ल्याच्या निघतात.

पाणमोट फुटून अंगावरून पाणी जाण्याचंच घ्या. ‘पाणी स्वच्छ असेल तर कळा येईपर्यंत घरीच थांबा.’ हा सल्ला. तिचे दिवस भरलेत का, बाळ आडवं आहे का, जीबीएस (बाळाला संसर्ग करू शकणारे जीवाणू) तपासणीत काय निघालं, हे कागदाला काय माहीत? माहिती अशी असते: ‘पाणी किती वाजता गेलं, रंग कसा होता, वास येतो का, हे टिपून लगेच दवाखान्यात कळवा. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल, रक्त जात असेल, ताप असेल किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर अजिबात वेळ घालवू नका.’ ‘करा’, ‘नका’ इथेही आहे. पण पुढचा निर्णय तिला तपासणाऱ्यांकडे जातो, कागद तो घेत नाही. फरक एवढाच, आणि सगळे अडखळतात तेही इथेच.

तळाशी बारीक अक्षरांत ‘डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ छापलं की वरचा सल्ला माहिती होतो, हा समज तर मला मुळीच मान्य नाही. कळा सुरू झाल्यावर ती ओळ कोण वाचतं?

गाळलेल्या गोष्टींतूनही सल्ला दिला जातो. एपिड्युरल, म्हणजे कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीतून दिलेली भूल, या मथळ्याखाली रक्तदाब उतरणं, पाय जड होणं, ताप एवढंच लिहिलं, की ‘घेऊ नका’ असंच वाचलं जातं. वेदना कमी करण्यात ते खूप प्रभावी आहे आणि 2018 च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात) त्यामुळे सिझेरियन वाढल्याचं दिसलं नाही, हेही त्याच परिच्छेदात हवं.

स्वतःच्या कामाबद्दलही तेच. ‘डूला असेल तर सिझेरियन टळतं’ हे वाक्य दिसलं की खोडा. बाळंतपणात सतत सोबत असलेल्यांत सिझेरियनचं प्रमाण सरासरीने कमी दिसलं, असं 2017 चा कोक्रेन आढावा सांगतो. एकीच्या बाळंतपणाची हमी त्यातून निघत नाही.

फी, बदली डूला, रद्द केल्यास पैसे परत, हे करारात घाला. फुलांची किनार हवी तर ठेवा. मजकूर शेवटचा कधी तपासला ती तारीख मात्र पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत हवी.